नऊ स्विच आणि दहावी ओळ

कॅलेंडरचं पान उलटायची वेळ आली की जुनं पान मी फाडून घ्यायची, कारण त्याची कोरी बाजू माझ्या हक्काची असे. आई त्यावर किराणा लिहायला सांगे, अण्णा मोटारींची मापं, आणि उरलेल्या जागेत माझी कामं. अजूनही यादी केल्याशिवाय मी सकाळचा चहा ठेवत नाही, आणि माझी मुलं त्यावरून मला यथेच्छ चिडवतात. त्या सगळ्या पानांपैकी एकच टिकलं आहे. ते ग्रीसनं पिवळं झालंय, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे, आणि आमच्या शेडमधल्या मशीनच्या कपाटाला आतून डकवलेलं आहे. त्यावर माझ्या अक्षरात नऊ ओळी आहेत आणि त्यांच्या खाली, दुसऱ्या अक्षरात, दहावी. हे प्रकरण त्या पानाचं आहे.

आमचं घर श्रीगोंद्यात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या, आणि दोन्हींच्या मधे एकच भिंत. शेडमध्ये अण्णा पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसून नवी गुंडाळायचे. घराला कायम वार्निशचा वास असे. आमच्या कपड्यांना, वह्यांना, सणाच्या खिरीलासुद्धा. शेडचा पत्रा गळायचा म्हणून अण्णांनी मेन स्विच भिंतीच्या अलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवला होता. लोखंडी पेटी आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. त्या दांड्याला आई चहाची गाळणी अडकवायची आणि अण्णा रोज ती काढून ठेवायचे.

आईला मोटारींमधलं काही कळत नाही, असं ती स्वतः सांगे. पण चुलीपुढे बसून, पाठ शेडकडे असताना, ती हाक मारायची, "अहो, त्या मोटारीला दोनच फेज येत्यात जणू, कण्हतीय ती." अण्णा बघायचे, तर खरंच तीनपैकी एक फेज गेलेला. एखाद्या मोटारीची बेरिंग गेलीय हे ती भाकरी थापता थापता सांगे. मला त्यात तेव्हा काही नवल वाटलं नाही. घरात घड्याळ असतं, तसं घरात आईचं ऐकणं होतं.

मी नगरला राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून परत आले, तेव्हा अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन गेली होती. बस ओळखू यायची, माणूस ओळखू यायचा, पण केसासारखी बारीक तार दिसेना. ते बोटांनी चाचपून कॉइल भरायचे आणि भरलेली मोटार दोन महिन्यांत परत यायची. कुणी रागावून बोलायचं नाही, फक्त पुढची मोटार दुसऱ्या दुकानात जायची. शेड बंद करायचं की नाही हे घरात कुणी उच्चारत नव्हतं. पण आईनं शेडमधल्या रिकाम्या कोपऱ्यात ज्वारीची पोती ठेवायला सुरुवात केली होती, आणि अण्णा त्या पोत्यांना वळसा घालून कामाला बसायचे.

अशा वेळी ते मशीन आलं. नगरजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं मिलिंग मशीन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोरांनी बांधून. त्याचा कंट्रोल, म्हणजे त्याला हुकूम देणारं कपाट, जळून कोळसा झालं होतं. भंगारवाल्याच्या मते त्याची किंमत त्याच्या वजनाइतकी. अण्णा मात्र त्याच्याभोवती दोनदा फिरून आले होते. "येड्यांनी डोस्कं जळालं म्हून धड फेकलं," ते म्हणाले. "लोखंड बघ की, कसलं हाय. डोस्कं तू बसव."

मी मशीनच्या बाजूचं हातचाक एका बोटानं ढकललं. माझ्या वजनाच्या कितीतरी पट जड असलेलं ते टेबल आवाज न करता सरकलं. खाली आरशासारखा लांब स्क्रू होता आणि त्याच्या आट्यांत पोलादी गोळ्या फिरत होत्या. मी बोट काढून घेतलं. आता वर्षाला चार-पाच जुन्या मशीनना मी नवा कंट्रोल बसवते, पण पहिल्यांदा टेबल ढकलताना अजूनही एकच बोट लावते.

तोच स्क्रू आमची काळजी होता. त्याची जोडी कुठे मिळणार नव्हती. टेबल एकदा जरी शेवटाच्या पलीकडे धडकलं, की स्क्रू वाकणार, आणि मशीन पुन्हा वजनावर विकायच्या लायकीचं. मशीन गेलं की शेड गेलं, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

म्हणून माझी यादी स्विचपासून सुरू झाली. मशीनला तीन दिशा: डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. प्रत्येक दिशेला दोन टोकं, म्हणजे सहा लिमिट स्विच. टेबल टोकाशी आलं की त्यानं थांबलंच पाहिजे, विहिरीच्या कठड्यासारखं. शिवाय प्रत्येक दिशेला एक होम स्विच. मशीन चालू होतं तेव्हा त्याला आपण कुठे आहोत याचा पत्ताच नसतो. म्हणून ते आधी हळूहळू होम स्विचपर्यंत जातं, त्याला टेकतं, जरा मागे येतं आणि तिथून सगळी मोजणी धरतं. जमिनीची मोजणी करणारा आधी हद्दीचा दगड शोधतो, तसंच. सहा आणि तीन, नऊ स्विच. नऊ ओळी.

आमच्या मास्तरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: असे स्विच न दाबता जोडलेले ठेवायचे. प्रवाह सतत वाहत राहतो, आणि टेबल येऊन स्विच दाबलं की तो तुटतो. प्रवाह तुटला की मशीन थांबतं. मी सहा लिमिट एकामागे एक एका साखळीत ओवले, तीन होम दुसऱ्या साखळीत.

अण्णांना ते पटेना. "उलटं हाय की हे. घंटी दाबल्यावर वाजती, न दाबता न्हाई."

"अण्णा, घंटीची वायर तुटली तर कळतं का?"

"पाव्हणा दारात ताटकळला की कळतं."

आई आतून हसली. "आन तुमची बहीण आली तर ती सांजच्यापत्तूर उभीच राहील, पर हाक मारायची न्हाई."

मशीन चाललं. टेबल होमला गेलं, टेकलं, मागे आलं, पडद्यावर शून्य उमटलं. अण्णांनी टेबलावर तळवा ठेवला होता, ते तसेच त्याच्याबरोबर सरकत गेले. मी दिवसभरात ते उगीच वीस वेळा करून पाहिलं. पण कापायचं हत्यार फिरवणारी मोठी मोटार सुरू केली की घोटाळा. टेबल मधोमध असतानाच मशीन थांबायचं आणि पडद्यावर लाल अक्षरात यायचं, लिमिट. एकदा, दोनदा, दर पाच मिनिटांनी.

"भित्रं हाय तुझं मशीन," अण्णा म्हणाले.

चूक माझी होती, आणि ती माझ्या टापटिपीची होती. सगळ्या वायरी मी सारख्या लांबीच्या कापून, नंबर लावून, आईनं माझी वेणी घालावी तशा एकत्र गुंफल्या होत्या, आणि त्याच वेणीत मोठ्या मोटारीची केबलही घेतली होती. इतकं सुबक काम मी पुन्हा कधी केलं नाही. त्या केबलचा गोंगाट शेजारच्या बारीक वायरींत उतरत होता आणि स्विच न दाबताच दाबल्यासारखा वाटत होता. त्यावर उपाय म्हणजे जाळीचं आवरण असलेली केबल, वेगळ्या वाटेनं नेलेली. ती नगरला मिळणार होती. एक मोठं लाल बटनही आणायचं होतं, संकटात मुठीनं दाबायचं. ते खरेदीच्या यादीत शेवटी होतं, कारण बाकीचं झाल्यावर बसवू असं मी ठरवलं होतं. आता माझ्या प्रत्येक यादीत ते पहिलं असतं.

मी सकाळच्या एसटीनं नगरला गेले. साखर कारखान्याच्या वर्कशॉपचे फोरमन दुसऱ्या दिवशी मशीन बघायला यायचे होते. गळीत हंगामाआधी त्यांना ऊस ओढणाऱ्या साखळ्यांच्या चाकांचे दाते करून हवे होते, आणि मशीन पसंत पडलं तर वर्षभराचं काम आमच्याकडे येणार होतं. ते त्याच दिवशी आले.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. अण्णांनी मशीन सुरू केलं, ते दोनदा थांबलं. फोरमननी घड्याळ बघितलं. आणि अण्णांनी तेच केलं जे आमच्या भागात कुणीही केलं असतं. विहिरीवरचा स्टार्टर त्रास देऊ लागला की शेतकरी म्हणतो, डायरेक्ट मारा, म्हणजे मधलं संरक्षण वगळून तार थेट जोडा. फ्यूज सारखा उडतो, जाड तार घाला. ऑटो स्विच मधेच बंद करतो, डायरेक्ट मारा. अण्णांनी आयुष्यभर लोकांना डायरेक्ट करून दिलं होतं. त्यांनी माझं कपाट उघडलं, पडद्यावरची अक्षरं वाचता येईनात, कुठली साखळी खोटं बोलतेय ते कळेना, म्हणून दोन्ही साखळ्यांच्या टोकांना तारेचा एकेक तुकडा मारला. आता नऊच्या नऊ स्विच दाबले तरी मशीनला कळणार नव्हतं. मशीन शहाण्यासारखं चालू लागलं. दाताही कापून झाला.

मी स्टँडवरून चालत आले तेव्हा टळटळीत दुपार होती. शेडच्या दारातूनच दिसलं की फोरमन खुर्ची सोडून पुढे वाकले आहेत, आणि अण्णा अभिमानानं सांगत आहेत, "आता बगा सायब, आपलं आपन जागंवर जातंय." त्यांनी कळ दाबली. टेबल होमकडे निघालं. मी पिशवी खाली ठेवली. टेबल स्विचपाशी आलं, स्विचचं चाक त्यानं दाबलेलं मला दिसलं, आणि टेबल चालतच राहिलं.

मला अजून ते संथपणे दिसतं. अण्णांचा तळवा टेबलावर. त्यांना काहीतरी कळलं, कारण त्यांनी दुसऱ्या हातानं कळफलकावर मारायला सुरुवात केली, हाताला येईल ती कळ. लाल बटन माझ्या पिशवीत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज फुटायच्या आत खाडकन मेन पडला. पंखा, दिवा, पडदा, मशीन, सगळं एकदम गेलं. टेबल थांबलं. शेवटाच्या लोखंडात आणि टेबलात माझं बोट जेमतेम गेलं असतं.

दारात आई उभी होती. हात कोपरापर्यंत हुलग्याच्या पिठानं माखलेले. ती शेंगोळी वळत होती.

"काय झालं गं?" तिनंच विचारलं.

"आई, तू मेन का पाडलास?"

"त्ये थांबलं न्हाई म्हून."

"पण तुला कसं कळलं?"

आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला दूध उतू चाललंय हे कसं कळतं असं विचारलंय. "रोज ऐकतीय की. तुझं त्ये टेबल निगालं की माजं एक शेंगोळं वळून हुस्तवर टेकतंय, आन गप हुतंय. आज दुसरं वळाया घेतलं तरी चालूच. म्हनलं, काय तरी बिनसलं."

फोरमन तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आमच्या कारखान्यात येता का कामाला?" कुणी हसलं नाही. ते उठले, "नीट झालं की कळवा," म्हणाले आणि गेले.

मी कपाट उघडलं. तारेचे दोन तुकडे बघताच ओळखले. टोकं तीन वेढ्यांत वळवून पक्कडीनं चेपलेली, अण्णांची वळण्याची पद्धत. अण्णा मोटारींच्या ढिगाजवळ पाठ करून बसले होते आणि त्यांची मान खाली होती. आईनं जेवायला वाढलं. शेंगोळ्यांचा रस दाट झाला होता, लसणाचा वास घरभर होता, आणि आम्ही तिघं जेवलो. अण्णांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर त्यांनी कुणाचातरी दुरुस्तीला आलेला स्टार्टर पुढे ओढला आणि झाकण काढलं. बराच वेळ ते नुसते हिरवं बटन दाबत होते, मग लाल, पुन्हा हिरवं. मग हाक मारली.

"वैशाली, हिकडं ये. हे लाल बटन बग. न दाबता हे कसं असतं?"

"जोडलेलं."

"व्हय. दाबलं की तुटतं, आन मोटार बंद. आन त्याची वायर उंदरानं खाल्ली तर?"

"तरी बंद."

"तरी बंद." त्यांनी बोट त्या लाल बटनावरून फिरवलं, डोळ्यांनी दिसत नसलेलं काही चाचपावं तसं. "किती हजार बसवली आसतील मी ही. बसवली आन पुना डायरेक्ट मारली. कदी डोस्क्यात आलं न्हाई, ह्ये असं उलटं का केलं आसंल. तुझे नऊच्या नऊ म्हंजी ही लाल बटनंच की."

"तेच आहेत, अण्णा."

"मग आदी का न्हाई बोललीस? घंटी घंटी करीत बसलो मी."

मला सुचलंच नव्हतं. नगरहून शिकून आलेल्या मला माझ्या बापाच्या हातातल्या स्टार्टरमध्ये तेच आहे हे दिसलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि थोड्या वेळानं, स्टार्टरकडेच बघत म्हणाले, "डायरेक्ट मारून दिलेल्या मोटारी जळायच्या, आन पुना माज्याकडंच भराया यायच्या. त्याच्यावर जेवलो आपन."

ते दोन्ही तुकडे त्यांनी स्वतः काढले. पुढचे दोन दिवस मी माझी ती सुंदर वेणी उसवली. जाळीची केबल पलीकडच्या भिंतीनं नेली, जाळी फक्त कपाटाकडच्या टोकाला अर्थिंगला जोडली, लाल बटन हाताशी बसवलं. अण्णांनी स्विचच्या पट्ट्या घासून अशा घट्ट केल्या की त्या आजतागायत हललेल्या नाहीत. मोठी मोटार सुरू केली. पाच मिनिटं, अर्धा तास, एक तास. पडद्यावर लाल अक्षर आलं नाही.

फोरमन पुन्हा आले ते हातात हेल्मेट घेऊनच, खुर्चीवर न बसता. साहजिक होतं. मी टेबल होमला नेलं. ते टेकलं, मागे आलं, थांबलं. फोरमन म्हणाले, "आज थांबलं. उद्याचं काय?"

मी उत्तर द्यायच्या आत अण्णा पुढे झाले. टेबल लांबच्या लांब फेरीवर चालू होतं. त्यांनी खिशातून पक्कड काढली, भिंतीवरून जाणारी माझी नवी केबल बोटांनी चाचपली, चिमटीत धरली, आणि कापली.

मशीन जागच्या जागी थांबलं. कुणी काही दाबलं नव्हतं, टेबल कुठेही टेकलं नव्हतं. फक्त एक गोष्ट जी सतत सांगितली जात होती, मी आहे, मी आहे, ती सांगायची बंद झाली होती, आणि तेवढ्यावरून इतकं मोठं लोखंड उभं राहिलं होतं. भिंतीपलीकडे आईचा भाकरी थापायचा आवाजही त्याच क्षणी थांबला होता. मग तिची हाक आली, "अहो? काय झालं?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "आमीच थांबवलं."

आणि पुन्हा थप् थप् सुरू झालं.

फोरमननी हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. काम आलं. शेड राहिलं. ज्वारीची पोती आईनं मागच्या खोलीत हलवली. काही महिन्यांनी एका सकाळी मशीन सुरूच होईना. अर्धा दिवस शोधल्यावर कळलं, एक वायर खरोखरच उंदरानं कुरतडली होती. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ती वायर दारात आलेल्या प्रत्येकाला दाखवली. त्यातलाच एक जण स्टार्टर घेऊन आला होता आणि म्हणाला, "अण्णा, तेवढं डायरेक्ट मारून द्या." अण्णांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला, आणि ती वायर हातात देऊन एवढं समजावलं की त्या माणसाचं विहिरीवरचं पाणी त्या दिवशी राहिलंच.

ती यादी मी मशीनच्या कपाटात डकवली होती: मशीन सुरू करण्याआधी रोज नऊ स्विच हातानं दाबून बघायचे आणि प्रत्येकापुढे खूण करायची. एक दिवस कपाट उघडलं तर खाली मोठ्या, वाकड्या अक्षरात, लिहिताना कागदाला नाक लावल्याशिवाय ज्यांना ओळ दिसत नव्हती त्यांच्या हातचं, लिहिलेलं होतं:

१०. हिची आई घरात हाय का बघने.

मी हसले, आणि चिकटपट्टी आणून पानाचे चारी कोपरे नीट चिकटवले.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या कपाटातला कॉम्प्युटर तीनदा बदलला, स्विच दोनदा. कामाला येणाऱ्या मुली दहाव्या ओळीवर बोट ठेवून हे काय आहे म्हणून विचारतात, मी सांगते, आणि त्या इतर नऊ ओळींइतक्याच शिस्तीत तीही पाळतात. आईला आता फार कमी ऐकू येतं. नऊ खुणा झाल्या की मी स्वयंपाकघराच्या दारातून आत बघते. ती मधल्या भिंतीपाशी पाट ओढून बसलेली असते, तळवा भिंतीला लावून. माझ्याकडे न बघताच ती मान हलवते, आणि मी मेन चालू करते.